मागच्या बाकावर कोण बसलंय?

वटार, वसई
नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ग्लोरिया,

पत्र बघून दचकू नकोस, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. घरी सगळे ठीक आहेत. केळीच्या बागेतलं पाणी अजून पुरतं आटलेलं नाही, म्हणून जयवंत कुरकुरत असतो, एवढंच. पत्राबरोबर घरच्या केळ्यांची थोडी सुकेळी पाठवतेय, ती तूच खा, सुनेला वाटून संपवू नकोस. फोन करायचा तर करता आला असता, पण परवाच्या फोनवर तू जे तोंड सोडलंस त्यानंतर फोनवर तू मला पुरतं बोलूच देणार नाहीस. तू म्हणालीस, यादीत आमच्या शाळेचं नाव आलंय, आता कोणतरी बाई येणार आणि वर्षभर माझ्या वर्गात मागे बसून मला बघणार, त्याआधीच मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकते, लिहून ठेवलाय, फक्त सही बाकी आहे. मी आपली "हो गं, हो गं" करत राहिले आणि कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त करून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. तेव्हा आता नीट बसून सांगते. सगळं वाच, मध्येच फेकू नकोस. तुझ्या नोकरीची अजून सहा वर्षं आहेत आणि वर्गात उभी राहिल्याशिवाय तुला जेवण जात नाही, हे मला ठाऊक आहे. तू घरी बसलीस तर महिन्याभरात आजारी पडशील.

तुला ती बाई आवडणार नाही हे मी लिहून देते, कारण मलाही आवडली नव्हती. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे आली ती ऋतिका. विरारच्या त्या नव्या टॉवरांमध्ये राहते, वय आपल्या पोरींएवढं, खांद्याला कापडी पिशवी, पायात स्पोर्ट्स शूज. मुख्याध्यापक केयूर सरांनी ओळख करून दिली: ह्या शिक्षक-प्रशिक्षणावर संशोधन करणाऱ्या संस्थेतून आल्यात, दर पंधरवड्याला तुमच्या तिसरीत बसतील, वर्षभर. वर्षभर! मनात पाल चुकचुकलीच. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. सकाळी सही, दुपारी वडापाव, मधल्या वेळात कोणी साहेब पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवतात, आपण टाळ्यांचा खेळ खेळतो आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी येतो. तू तर बाकाखाली क्रोशाचा अख्खा टेबलक्लॉथ विणून काढला होतास. दुसऱ्या दिवशी वर्गात मागचं पान पुढे. मग असं एकाएकी कोणाला आपल्या वर्गात वर्षभर बसायची हौस का यावी? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी त्याच रात्री जयवंतला म्हटलं. तो म्हणाला, तुला सगळीकडेच पाणी मुरताना दिसतं.

पण मला सांग, संशय का येऊ नये? पट घसरला, तुकडी कमी झाली आणि तू अतिरिक्त ठरलीस, तेव्हा तुलाही कोणी आधी सांगितलं नव्हतं. एका दुपारी कागद आला आणि शेजारच्या वर्गातली माझी मैत्रीण नालासोपाऱ्याला गेली. त्यानंतर शाळेच्या विश्वस्तांनी तळमजल्यावर इंग्रजी माध्यमाचे वर्ग रंगवून घेतले, पिवळे नि जांभळे, भिंतींवर जिराफ. वरच्या मजल्यावर आपली मराठी, गळक्या छपराखाली. अशा वेळी कोणी बाहेरची मुलगी माझ्या वर्गात मागे बसायला येते, तर मी काय समजायचं? मी समजले की विश्वस्तांना मराठी तुकडी बंद करायला कारण हवंय आणि ते ही पोरगी गोळा करून देणार. बाई शिकवत नाहीत, म्हणून मुलं टिकत नाहीत. झालं!

मग मी आपल्या दोघींचा जुना धंदा काढला: बसवलेला पाठ. आठवतं, साहेब तपासणीला यायचे तेव्हा आपण हुशार पोरं मागच्या दाराने एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पाठवायचो? आधी तुझ्या वर्गात चमकायची, मग माझ्या. आणि त्या साहेबांनी एकदा एका पोराला ओळखलं, "तू आत्ताच शेजारी होतास ना रे?" म्हणाले, तर तू ढळढळीत सांगितलंस की तो याचा जुळा भाऊ. साहेब मान हलवून गेले आणि आपण स्वच्छतागृहाच्या मागे जाऊन हसून हसून रडलो. तसं हसणं मी तू गेल्यापासून हसलेले नाही, हे खरंच सांगते.

तर ऋतिका पहिल्यांदा येणार त्याआधी मी दोन दिवस हातच्याची वजाबाकी मुलांकडून घोटून घेतली. कोणता प्रश्न कोणाला, कोणी कधी उठायचं, सगळं ठरलेलं. कच्ची पोरं मागे. विघ्नेश म्हणून एक आहे, नेहमी खाली मान घालून बसणारा, त्याला अगदी शेवटच्या बाकावर टाकला. आणि ही बया आली ती सरळ त्याच्याच शेजारी जाऊन बसली! त्या गडबडीत मी दुसरा प्रश्न गाळला आणि तिसरा विचारला: "दोनातून सात जातात का?" दुसरा प्रश्न होता, बावन्नात दशक किती, आणि त्याची पाळी उन्नतीची. ती ठरल्याप्रमाणे उठली आणि खणखणीत म्हणाली, "पाच दशक, बाई!" मी पुढचा प्रश्न विचारला, बावन्नातून सत्तावीस गेले तर उरले किती, तर पुढचा मुलगा उठून म्हणाला, "नाही जात, बाई!" शेवटपर्यंत सगळा वर्ग एक प्रश्न मागे, आणि सगळे कसे गंभीर, छाती काढून उत्तरं देतायत. तू असतीस तर तिथेच आडवी झाली असतीस. मला मात्र धरणी दुभंगावी असं झालं.

ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅम, एकच विचारायचं होतं. विघ्नेशचं बावन्न वजा सत्तावीस पस्तीस आलंय. असं का आलं असेल?" बस्स. पाठ चांगला नाही, वाईट नाही, फळ्यावरचं अक्षर छान नाही, काही नाही. मी म्हटलं, लक्ष नसतं त्याचं. ती म्हणाली, "ओके मॅम, पुढच्या वेळी परत बघूया." आणि पिशवी उचलून गेली. मी खिडकीतून बघत राहिले, ती केयूर सरांच्या केबिनमध्ये जाते की रिक्षा पकडते. रिक्षा पकडली. मी मनात म्हटलं, हुशार आहे, फोनवर सांगत असेल.

पुढच्या फेऱ्यांनाही हेच. कधी चांगलं म्हणायची नाही, कधी वाईट म्हणायची नाही, पत्ता लागू द्यायची नाही. मी चहा आणला तर प्यायची, पण सरांबरोबर कधी बसली नाही, हे मला आणखीनच संशयास्पद वाटलं. एकदा मी तोंडावरच विचारलं, "तू कोणाची माणूस आहेस गं?" ती लाल झाली. म्हणाली, "मॅम, मी कोणाची नाही. म्हणजे, स्टडीची आहे." मग तिने आपल्या त्या धेडगुजरी मराठीत समजावलं की एका दिवसाच्या ट्रेनिंगचा इफेक्ट फारसा टिकत नाही हे बऱ्याच जणांनी आधी बघितलंय, पण कोणी पुन्हा पुन्हा वर्गात आलं, शिक्षकाने काही करून बघितलं, ते फसलं, परत केलं, आणि कोणी त्याचे मार्क दिले नाहीत, तर टिकतो असं वाटतं. सगळीकडे टिकत नाही, म्हणून तर बघतोय. मी म्हटलं, म्हणजे आम्ही तुझ्या प्रयोगातले उंदीर. त्यावर बिचारी पिशवीचा पट्टा चाळत बसली. मला जरा वाईट वाटलं, पण मी दाखवलं नाही.

आणि मग मी सापळा लावला. तुला माहीत आहे मी किती खोडकर आहे ते, पण हे मी पूर्ण विचार करून केलं. ती बसलेली असताना फळ्यावर मुद्दाम चूक करायची. दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाला दिसणार नाही, दुसरं कोणी सांगणार नाही. ती चूक केयूर सरांच्या कानावर गेली की समजायचं, ही त्यांचीच. मी त्रेचाळीस वजा अठरा मांडलं आणि खाली ठसठशीत पस्तीस लिहिलं. मागे बघितलं. ऋतिकाची मान वर झाली, पण तोंड उघडलं नाही. आणि ग्लोरिया, एकही पोर बोललं नाही. एकही नाही! उन्नतीसुद्धा नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पस्तीस उतरवून घेतलं. फक्त शेवटच्या बाकावरून विघ्नेश उठला. वर्षात पहिल्यांदा स्वतःहून उठला. तोंड उजळलेलं, वही डोक्यावर धरलेली, म्हणाला, "बाई, माझं पण पस्तीसच आलं! माझं बरोबर आलं!"

आता त्याला काय सांगू? पुसायला डस्टर उचलला होता तो हातातच राहिला. त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, कसं केलंस रे. तो म्हणाला, तीनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून तीन घालवले. तुम्हीच सांगता बाई, लहानातून मोठं जात नाही. खरं होतं गं! नोकरी लागल्यापासून मी तेच घोकून घेतेय. तूही घेतेस. आपल्याला डी.एड.ला शिकवलं, आपण पोरांना शिकवलं, सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, लहानातून मोठं जात नाही. त्याने माझंच ऐकलं आणि मोठ्यातून लहान घालवलं. लक्ष नसतं त्याचं, असं मी म्हटलं होतं. लक्ष होतं म्हणून तर चुकला. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की डब्यातली भाजी तशीच परत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच केयूर सरांचा निरोप: लतिकाबाई, जरा आत या. म्हटलं, सापडली! ही पोरगी चहाडखोरच निघाली. सरांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, ती ऋतिका मॅडम माझ्याबद्दल काही विचारते का हो?" म्हणाले, मी दोनदा विचारलं की वर्गात काय चाललंय, तर म्हणते ते बाईंचं आणि माझं आहे, सर, सांगता येणार नाही. मुख्याध्यापकाला सांगता येणार नाही म्हणजे काय? मला तर वाटतं, विश्वस्तांनी तिला माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलीय. बाई गं! मी तिला सरांची समजत होते आणि सर तिला विश्वस्तांची. विश्वस्त तिला कोणाची समजत होते देव जाणे. फळ्यावरच्या पस्तीसचा सरांना पत्ताही नव्हता.

पुढच्या वेळी ती आल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, मी चूक केली तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला कळलं तुम्ही मुद्दाम केलीय, तुम्ही माझ्याकडे बघत होतात. पण विघ्नेश बोलल्यावर तुमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, मॅम." आगाऊच आहे. मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं की "जात नाही" हे शब्दच काढून टाकायचे. मी घरून माडाच्या हिरांच्या काड्या नेल्या, दहादहाच्या जुड्या बांधल्या. तीन सुट्ट्यांतून आठ द्यायचे तर जुडी सोडा. पहिल्या दिवशी पूर्ण फजिती! पोरांनी काड्यांच्या तलवारी केल्या, दोघांचे डोळे थोडक्यात वाचले. ऋतिका खाली वाकून काड्या गोळा करत होती. पुढच्या वेळी तिने वर्ग घेतला आणि मी मागे विघ्नेशजवळ बसले. तिचीही तशीच त्रेधा उडाली, आवाजच पोचेना तिचा. मला आतून जरा बरं वाटलं. पण तिथे बसून मला दिसलं की तो प्रत्येक वेळी आधी काड्यांकडे बघतो आणि मग उन्नतीच्या वहीकडे. फळ्याजवळ उभी राहून मला हे जन्मात दिसलं नसतं. हळूहळू तो जुडी सोडायला शिकला. सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस, चौथीत गेला तरी तीन अंकी आलं की अजून उलटं करतो. पण आता मला कळतं कुठे उलटं होतंय ते.

संशय गेला का, तर सगळा गेलेला नाही. ह्या सगळ्याचं शेवटी काय होणार, कोणाच्या टेबलावर जाणार, मला ठाऊक नाही. तळमजल्यावरचे जिराफ अजून तिथेच आहेत. मी अजून ऋतिकाची रिक्षा कुठे वळते ते बघते, सवय आहे. पण एक सांगते, इतकी वर्षं आपण एकमेकींच्या शेजारी शिकवलं, एकमेकींची हुशार पोरं उसनी घेतली, आणि एकदाही तू माझ्या कच्च्या पोराजवळ येऊन बसली नाहीस की मी तुझ्या. कोणी बसूच दिलं नसतं असं नाही. आपल्याला सुचलंच नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. दिवाळीच्या सुट्टीत त्या संस्थेने आम्हा पहिल्या वर्षाच्या शिक्षकांना बोलावलं. म्हणाले, आता आम्हाला बघायचंय की बाहेरच्या माणसाऐवजी शिक्षकच शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसला तर कितपत टिकतं. मी पहिल्यांदा नाही म्हटलं. लोकांच्या नजरेत चहाडखोर ठरायची मला हौस नाही. मग त्यांनी शाळांची यादी दाखवली, त्यात तुझी शाळा होती, आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, साठ पोरांत मी कोणाला शिकवतेय तेच मला कळत नाही, आणि तुझा आवाज असा होता की मी ओळखला नाही. दुसऱ्या दिवशी मी ऋतिकाला सांगितलं की ती शाळा मला हवी. दर पंधरवड्याला एक दिवस केयूर सर मला सोडणार आहेत, त्यांचं तोंड वाकडं झालंय, होऊ दे. तर ग्लोरिया, तुझ्या वर्गात जी बाई मागे बसायला येणार आहे, ती मी. तू विचारशील कोणी पाठवली, तर कोणीही नाही, तुझी शाळा मी मागून घेतलीय. तू काय करतेस ते मी तुझ्या मुख्याध्यापकांना सांगणार नाही, ऋतिकालाही तू हो म्हणशील तेवढंच सांगेन. माझ्यावर संशय घ्यायचा तर घे, मी रागावणार नाही. फक्त पाठ बसवू नकोस आणि तुझ्या सगळ्यात कच्च्या पोराच्या शेजारी मला जागा ठेव. पुढच्या सोमवारी पहिल्या तासाला येते. तोवर त्या अर्जावर सही करू नकोस, एवढं माझं ऐक. आणि मी नकोच असेन तर दारातच सांग, मी मुकाट परत फिरेन, पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय फिरणार नाही.

तुझ्या शेजारच्या वर्गातली, अजूनही तुझीच,
लतिका